पोहे झाले की पोहा बना? मुलांना इंग्रजीतलं मोजणं शिकवताना

बुऱ्हाणपुरातल्या मराठी घरांत मुलं दिवसभरात तीन भाषा वापरतात. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि वहीत इंग्रजी. इंग्रजीत गुण कमी पडले की काही पालक ठरवून टाकतात, आता घरात मराठी कमी बोलायचं. मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवताना आम्हाला मात्र उलटा अनुभव येतो. नामाआधीचे 'अ', 'द', 'सम', 'मच', 'मेनी', 'अ पीस ऑफ' हे छोटे शब्द मुलांना फार अडवतात आणि ते समजायला घरची मराठीच कामाला येते. व्याकरणात यांतल्या बहुतेक शब्दांना डिटर्मिनर म्हणतात. कोणतं, किती, कोणाचं हे सांगणारे हे शब्द.

मोजायचं की नाही, हे भाषा ठरवते

कढई तीच, पदार्थ तोच. आई म्हणते 'पोहे झाले', शेजारच्या काकू म्हणतात 'पोहा बन गया'. एकीकडे अनेकवचन, दुसरीकडे एकवचन. तसंच आपण तांदूळ 'निवडले' म्हणतो, पण भात 'झाला' म्हणतो. इंग्रजीत दोन्हींना 'राइस' आणि तो मोजायचा नाही. म्हणजे मोजणं हा वस्तूचा गुण नाही, भाषेची सवय आहे.

हे एकदा पटलं की 'हेअर', 'न्यूज', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर' हे शब्द विचित्र वाटत नाहीत. आपण 'माझे केस', 'दोन बातम्या' म्हणतो, म्हणून मूल 'माय हेअर्स', 'टू न्यूज' लिहितं. इंग्रजीची सवय वेगळी आहे, एवढंच त्याला सांगायचं. इंग्रजांचाही असा गोंधळ झालेला आहे. मटाराला पूर्वी 'पीज' असा न मोजता वापरायचा शब्द होता. लोकांना शेवटचा 'ज' अनेकवचनाचा वाटला आणि एका दाण्यासाठी 'पी' हा शब्द तयार झाला.

न मोजता येणारं मोजायचं कसं?

यासाठी इंग्रजी मध्ये एक मोजणारा शब्द घालते: 'अ पीस ऑफ न्यूज', 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'अ ग्लास ऑफ वॉटर'. आपल्या घरात असे शब्द भरपूर आहेत. मेथीची जुडी म्हणजे 'अ बंच ऑफ मेथी'. लसणाचा गड्डा म्हणजे 'अ हेड ऑफ गार्लिक' आणि पाकळी म्हणजे 'अ क्लोव्ह ऑफ गार्लिक'. कापडाचा तागा, ज्याला बाजारात थान म्हणतात, तो 'अ बोल्ट ऑफ क्लॉथ'. केळीच्या इंग्रजी व्यापारात घड म्हणजे 'बंच', फणी म्हणजे 'हँड' आणि एकेक केळं म्हणजे 'फिंगर'. ज्या मुलाला घड आणि फणी यांतला फरक माहीत आहे, त्याला हा धडा निम्मा आधीच येतो.

आपली मावा जिलेबीही कामाला येते. 'दोन जिलेब्या खाल्ल्या' यात ती मोजली, 'पाव किलो जिलेबी आणली' यात तोलली. इंग्रजीत 'टू केक्स' आणि 'सम केक' यांत नेमका हाच फरक आहे.

'अ' आणि 'द'

मराठीत आर्टिकल नाही, पण त्याचं काम आपण करतो. 'एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या.' पहिल्यांदा नाव घेताना 'एक', पुन्हा घेताना 'त्या'. इंग्रजीत 'अ किंग', मग 'द किंग'. यात नवल नाही. 'अ' हा 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून झिजून आलाय आणि 'द' हा 'तो, ती, ते' अशा दाखवणाऱ्या शब्दापासून.

किती आणि थोडं

'किती पाणी' आणि 'किती केळी' यांत मराठीचा 'किती' बदलत नाही. इथे गल्लीतली हिंदी मदतीला येते. 'कितना पानी' म्हणजे 'हाउ मच', 'कितने केले' म्हणजे 'हाउ मेनी'. स्त्रीलिंगी शब्दांत मात्र दोन्हीकडे 'कितनी'च येतं, हे लक्षात ठेवावं.

'अ लिटल' आणि 'लिटल' यांतला फरक मोठ्यांनाही चकवतो. मराठीत तो एका 'च'वर आहे. 'थोडं दूध आहे' म्हणजे चहा होईल: 'अ लिटल मिल्क'. 'थोडंच दूध आहे' म्हणजे होणं अवघड: 'लिटल मिल्क'. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी तसंच 'अ फ्यू' आणि 'फ्यू'.

जिथे मराठी पुरत नाही

तीन गोष्टी मात्र वेगळ्या घोटून घ्याव्या लागतात. 'तो डॉक्टर आहे' यात मराठीला काही कमी वाटत नाही, पण इंग्रजीत 'ही इज अ डॉक्टर' असंच हवं. मोजता येणारं एकवचनी नाम तिथे सहसा एकटं राहत नाही. 'माझा एक मित्र' याचं 'माय वन फ्रेंड' होत नाही, 'अ फ्रेंड ऑफ माइन' होतं, कारण 'अ' आणि 'माय' एका नामाआधी शेजारी बसत नाहीत. आणि नदीला 'द' लागतो, शहराला नाही: 'द तापी', पण नुसतं 'बुऱ्हाणपूर'.

घरी काय करता येईल?

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीचा गाभा साधा होता: मराठी आणि इंग्रजी वाक्यांचं भाषांतर. तेच स्वयंपाकघरात करता येतं. भाजी निवडताना, डबा भरताना मुलाला रोज पाच वस्तू विचारा. मराठीत हे आपण मोजतो की तोलतो? हिंदीत कसं म्हणतात? आणि इंग्रजीत? आजीला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. जुडी, चिमूट, मूठ, पसा, वाटी, पेंढी हे शब्द तिच्याकडे आहेत. ते मुलाच्या कानावर पडत राहिले, तर इंग्रजी शिकताना त्याला कशाशी तरी ताडून बघता येईल. घरातली मराठी कमी केली तर तेच हातचं जाईल.