वर्धा नदीपलीकडची वसुली
स्वातंत्र्यापूर्वी चांद्याजवळ वर्धा किंवा सिरोंच्याजवळ प्राणहिता ओलांडली की राज्य बदले. अलीकडे ब्रिटिश अंमल, पलीकडे निजामाचा, राजुराही त्याचाच. सहा कलदार रुपयांस सुमारे सात हाली सिक्के, हा वटाव खतावणीत सहज मांडता येई. अडचण वसुलीची होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार निजामाचे न्यायालय चांद्यात ‘परकीय’ ठरे. त्याचा निवाडा घेऊन आलेल्या पेढीस वा बँकेस त्या न्यायालयाचा अधिकार होता का, प्रतिवादीस बाजू मांडू दिली का, या कसोट्यांस उतरावे लागे. १ एप्रिल १९५१ रोजी हीच संहिता हैदराबाद राज्यात लागू झाली आणि हा परकेपणा संपला. परदेशी माल पाठविणाऱ्या आजच्या पिढीनेही, वाद कोणत्या न्यायालयात चालेल, हे करारात आधीच लिहून घ्यावे.