पंचाची चूक आणि नियमाची उणीव

फुटबॉलच्या इतिहासात गोल करणाऱ्याचे नाव उरते. पंचाचे नाव उरलेच तर ते बहुधा त्याच्या चुकीमुळे. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडल्या आणि अकराव्या वेळी गोल केला, की आधीच्या दहांचा विसर पडतो. पंचाचा जमाखर्च मात्र नेमका उलटा लिहिला जातो. रोमानियाचे निकोलाय राइनिया (१९३३-२०१५) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९७४, १९७८ आणि १९८२ अशा तीन विश्वचषक स्पर्धांत त्यांनी पंच म्हणून काम केले. तरीही त्यांचे नाव निघते ते मुख्यतः दोन सामन्यांच्या संदर्भात.

पहिला सामना २२ जून १९८० चा. रोममध्ये युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनी आणि बेल्जियम समोरासमोर होते. जर्मनी एका गोलने पुढे असताना बेल्जियमच्या व्हॅन डर एल्स्टला पाडण्यात आले. फाऊल झाला होता यात शंका नव्हती. पण तो पेनल्टी क्षेत्राच्या रेषेबाहेर झाला होता. राइनियांनी पेनल्टी दिली आणि बेल्जियमने बरोबरी साधली. शेवटच्या काही मिनिटांत ऱ्हुबेशने आपला दुसरा गोल केला आणि जर्मनी २-१ ने विजयी झाला. तो गोल झाला नसता, तर पंचाच्या चुकीची चर्चा कितीतरी कठोर झाली असती.

दुसरा सामना २९ जून १९८२ रोजी बार्सिलोनात विश्वचषक स्पर्धेत इटली आणि अर्जेंटिना यांच्यात झाला. इटलीच्या जेंटिलेने मॅराडोनाची पाठ क्षणभरही सोडली नाही. मॅराडोनाविरुद्ध त्या एका सामन्यात तेवीस फाऊल झाल्याची नोंद आहे. जेंटिलेला पिवळे कार्ड मिळाले, पण तो अखेरपर्यंत मैदानात राहिला. बाहेर जावे लागले ते अर्जेंटिनाच्या गायेगोला. इटली २-१ ने जिंकली आणि पुढे विश्वविजेती झाली.

दोन्ही प्रसंगी टीकेचे धनी राइनियाच झाले. परंतु दोन्ही दोष एकाच जातीचे नव्हेत. रोममध्ये डोळा चुकला. नियम अगदी स्पष्ट होता. बार्सिलोनात प्रत्येक फाऊल डोळ्यांना दिसत होता आणि शिट्टीही वाजत होती. पण लहान लहान अपराधांची बेरीज किती झाली म्हणजे शिक्षा वाढवावी, याचा आकडा नियमात नव्हता. जेंटिलेने त्या उणिवेचा पुरेपूर लाभ घेतला. ज्या अपराधाची किंमत कमी आणि फायदा मोठा, तो अपराध वारंवार होणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही.

डोळ्याच्या चुकीवर पुढे उपाय सापडला. २०१८ पासून चित्रफितीच्या साहाय्याने निर्णय तपासण्याची पद्धत फुटबॉलच्या नियमांत आली. फाऊल रेषेच्या आत की बाहेर, हे आता काही क्षणांत ठरते. बेरजेचा प्रश्न मात्र यंत्राच्या कक्षेत नाही. वारंवार फाऊल करणाऱ्याला ताकीद केव्हा द्यावी, हा निर्णय आजही मैदानावरील पंचाच्या विवेकावर सोपवलेला आहे. पाठीमागून पाय घालणाऱ्यांना आळा बसला तो यंत्रामुळे नव्हे, तर १९९८ च्या विश्वचषकाच्या वेळी नियमच कडक केल्यामुळे.

राइनियांच्या वरिष्ठांनी हा विवेक दाखवला, असे म्हणता येईल. रोमची चूक सर्वांना ठाऊक असूनही मे १९८३ मध्ये अथेन्स येथील युरोपीय चषकाचा हॅम्बुर्ग-युव्हेंटस हा अंतिम सामना त्यांच्याकडेच सोपवण्यात आला. एका चुकीने आयुष्यभराची पारख रद्द होत नाही, हा त्या नेमणुकीचा अर्थ होता.

परीक्षक, लेखापाल, न्यायाधीश अशा निर्णय देणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. त्यांच्या हातून चूक घडली, तर ती दुरुस्त करण्याची सोय हवीच. परंतु नियमच अपुरा असेल, तर माणूस बदलून काही साधत नाही. शिट्टी कोणाच्याही हाती दिली, तरी तेवीस फाऊल होतच राहतात.