हातची पाने खाणारा प्राणी

आमच्या घरी पत्त्यांना बंदी होती. त्यामुळे गेल्या सुट्टीत पुण्याच्या भाच्याने पिशवीतून जोड काढला, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. "मामू, हे तसले पत्ते नाहीत," तो म्हणाला.

खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. रमीत सगळे एकाच जोडातून खेळतात. इथे ज्याने त्याने आपला जोड घरून बांधून आणायचा. निदान ६० पाने, आणि साध्या जमिनी सोडल्या तर एकच पान चारदा, जास्त नाही. जमिनींतून 'मॅना' म्हणजे खर्चायची ताकद मिळते. दोघांचे २०-२० जीव. समोरच्याचे शून्यावर आणले की जिंकलो.

भाच्याचा जोड एकाच प्राण्याभोवती बांधलेला. त्याचे नाव सायकाटॉग, जन्म २००१ चा. किंमत ३ मॅना, ताकद १, सहनशक्ती २. चित्रात नुसता दात विचकतो. पण हातातले एक पान टाकले की त्याचे दोन्ही आकडे एकेने वाढतात. टाकलेल्या पानांच्या ढिगातली दोन कायमची बाहेर काढली की आणखी एकेने. या ढिगाला इंग्रजीत ग्रेव्हयार्ड म्हणतात, मी आपला कब्रस्तान म्हणतो. वाढ मात्र त्या पाळीपुरतीच.

हिशेब करा. हातात ८ पाने, कब्रस्तानात १४. आठही टाकली की ताकद ९, आणि कब्रस्तानात झाली २२. त्यांच्या ११ जोड्या. नऊ नि अकरा वीस! एकाच घावात खेळ खलास. घाव चुकला तर हातही रिकामा आणि कब्रस्तानही.

बाकीचा जोड मग काय करतो? समोरच्याची पाने उतरण्याआधीच रद्द करतो आणि आपली नवी ओढतो. वापरलेले प्रत्येक पान कब्रस्तानात जाते, म्हणजे प्राण्याचा शिधाच. (एका शेरासाठी चार शेर जुळवणाऱ्याला हे पटकन कळते.) चारही सायकाटॉग घातले तरी पहिल्या सात पानांत त्यातला एखादा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, तेव्हा घाई करून चालत नाही.

खरी गंमत 'अपहीव्हल' या पानाची. किंमत ६ मॅना. मांडलेले सगळे, जमिनींसकट, ज्याच्या त्याच्या हातात परत! आपल्या ९ जमिनी झाल्या की आधी त्यांतून ९ मॅना काढून ठेवायचे. सहा अपहीव्हलला, उरलेल्या तिनांत सायकाटॉग. पाळी संपताना हातात सातच पाने ठेवता येतात. जादाची कब्रस्तानात, म्हणजे पुन्हा शिधाच. समोरचा आपल्या पाळीत जेमतेम एक जमीन मांडतो. पुढच्या पाळीला आपला हल्ला. २००२ साली सिडनीत ब्राझीलचा कार्लोस रोमाओ जगज्जेता झाला, तो सायकाटॉगच्याच जोडावर.

भाच्याने तो जोड मला दिला. मी उत्साहाने आधी सगळी पाने टाकली आणि मग वीस ताकदीचा प्राणी सोडला. त्याने एका मॅनाचे किरकोळ जनावर आडवे घातले. वीसच्या वीस त्या जनावरावर खर्च! आधी हल्ला जाहीर करायचा, समोरचा अडवतो का ते पाहायचे, मगच खायला घालायचे. अडवले तर एकही पान सोडायचे नाही, पुढच्या पाळीला बघू. शिवाय रद्द करणारे एक पान शेवटपर्यंत हातात दाबून ठेवायचे, कारण ऐन वेळी कोणी प्राणीच उचलून हातात परत पाठवला तर घातलेले सगळे वाया.

दुसऱ्या डावात माझ्या हातात ८ पाने होती, कब्रस्तानात १७. हल्ला जाहीर केला. भाच्यापुढे अडवायला कोणी नव्हते. रद्द करणारे पान बाजूला ठेवून मी मोजले, मग पुन्हा मोजले.

"मामू, टाका ना आता," तो म्हणाला.