साथीचा माग आणि दिलेला शब्द

जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली, की कुणाची गुरे कोणत्या तळ्यावर गेली हे धन्याने खरे सांगितले तरच रोगाचा माग लागतो. ती माहिती भलत्याच कामी वापरली, तर पुढच्या खेपेस तो तोंड उघडेल का?

सिंगापूरमध्ये माणसांच्या बाबतीत असाच प्रश्न उभा राहिला. कोरोनाच्या साथीत, २० मार्च २०२० रोजी, तिथल्या सरकारने ‘ट्रेसटुगेदर’ हे मोबाइल ॲप काढले. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथने एकमेकांची सांकेतिक खूण टिपत. २५ दिवसांनी ही नोंद आपोआप पुसली जाई. फोन नसलेल्या वृद्धांना जवळ बाळगायला छोटे यंत्र दिले. माहिती केवळ बाधितांच्या संपर्कातील माणसे शोधण्यासाठीच आहे, असे सांगितले होते. पण जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उघड झाले, की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती मागू शकतात. एका खुनाच्या तपासात मागितलीही होती. लोक नाराज झाले. फेब्रुवारीत कायदा करून सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरतीच मुभा ठेवली.

खुनी सापडावा, यात आमचा वाद नाही. पण ही अट आधी सांगायला हवी होती, असे आम्हांला वाटते. २०२३ मध्ये योजना बंद होऊन नोंदी पुसल्या गेल्या. त्या खुनाच्या प्रकरणातील माहिती मात्र राखून ठेवली आहे.