सूर्याच्या अंतरंगाचा तयार तक्ता

विजयदुर्ग किल्ल्यातील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, हेलियमचा शोध येथेच लागला, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. हेलियमची पिवळी वर्णरेषा त्यांनी तिथूनच, ऑक्टोबर महिन्यात, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ओट्यांशी त्यांचे नाव जोडायचे तर या भेटीमुळे.

पण ती रेषा सूर्याच्या बाहेरच्या थरातली. आत हेलियम किती, हे कसे कळते?

सूर्य कांद्यासारखा शेकडो पातळ थरांचा आहे असे समजू या. प्रत्येक थराने वरच्या थरांचे वजन दाबाने तोलायचे आणि आतून येणारी ऊर्जा बाहेर पोचवायची. हायड्रोजनचे हेलियम होत सुमारे ४६० कोटी वर्षे गेली, की आजची त्रिज्या आणि आजचे तेज मिळाले पाहिजे. तोवर सुरुवातीचे घटक बदलून संगणक पुन्हापुन्हा गणित करतो.

शिक्षकाने हा खटाटोप करण्याचे कारण नाही. जॉन बाकॉल यांचे तक्ते किंवा क्रिस्टेन्सन-डाल्सगार्ड व सहकाऱ्यांचे १९९६ मधील ‘मॉडेल एस’ तयारच आहे. एक ओळ म्हणजे एक थर. स्तंभांत त्रिज्या, आतील वस्तुमान, तापमान, घनता, दाब आणि मूलद्रव्यांचे प्रमाण. केंद्राच्या ओळीत तापमान सुमारे १ कोटी ५७ लाख केल्विन आणि घनता पाण्याच्या दीडशेपट आढळते. वस्तुमानाचा स्तंभ मुलांकडून आलेखावर काढून घ्यावा. सूर्याचे जवळपास निम्मे वस्तुमान आतल्या पाव त्रिज्येत, म्हणजे आकारमानाच्या केवळ चौसष्टाव्या भागात, सामावलेले पाहून वर्गात एकदम शांतता पसरते, हा माझा अनुभव आहे.

हेलियमचा स्तंभ वाचताना मात्र जपावे. केंद्रात ते वस्तुमानाच्या ६४ टक्क्यांच्या आसपास, तर पृष्ठभागाजवळ २४-२५ टक्के. यातला दुसरा आकडा पडताळलेला आहे. सूर्य घंटेसारखा कंप पावतो. त्या कंपनांवरून सरबानी बसू आणि एच. एम. अंतिया यांनी १९९५ च्या सुमारास बाहेरच्या थरांतील हेलियम मोजले, ते २५ टक्क्यांच्या जवळपासच आले. केंद्रातील आकडा असा थेट मोजलेला नाही. तो मॉडेलमधून येतो; कंपने आणि न्यूट्रिनो त्याला आधार देतात, एवढेच. शिवाय जड मूलद्रव्यांचे प्रमाण किती धरावे यावर आजही मतभेद आहेत, आणि ते बदलले की तक्ताही बदलतो. म्हणून आकड्यांशेजारी मॉडेलचे नाव आणि वर्ष फळ्यावर लिहावे.