गॅलन आणि घनफूट : हिशेब जमवा, नुकसान टाळा

खारदांड्यात कोळी बांधवांच्या होडीची डिझेलची टाकी असो, चाळीवरची पाण्याची टाकी असो की रंगाऱ्याची रंगाची टाकी, मोजमाप फुटपट्टीनेच होते. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार केला की घनफूट मिळतात. पण परदेशी कागदावर माल गॅलनमध्ये लिहिलेला असतो आणि बिल लिटरवर बनते. या तीन मापांचा मेळ बसला नाही की व्यापाऱ्याच्या खिशाला खड्डा पडतो. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी की गॅलन एक नाही, दोन आहेत. इंग्लंडने 1824 साली ठरवलेले इंपीरियल गॅलन म्हणजे दहा पौंड पाण्याची जागा, आजच्या हिशेबाने 4.546 लिटर. अमेरिकेने मात्र जुने वाइन गॅलन कायम ठेवले. ते 231 घनइंचांचे, म्हणजे 3.785 लिटर. एका घनफुटात 1,728 घनइंच असतात. त्याला 231 ने भागले की 7.48 अमेरिकन गॅलन येतात. इंपीरियल गॅलन सुमारे 277.4 घनइंचांचे, म्हणून घनफुटात ती 6.23 बसतात. लिटरमध्ये एक घनफूट म्हणजे 28.32.

आपल्या देशात 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि व्यवहाराचे कायदेशीर माप लिटर झाले. तरी बाजारात जुना शब्द टिकून आहे. रंगाच्या चार लिटरच्या डब्यालाही दुकानदार 'गॅलन' म्हणतो. तो डबा दोन्ही खऱ्या गॅलनांशी जुळत नाही, हे विसरू नये.

आता उदाहरण पाहू. टाकी 4 फूट लांब, 3 फूट रुंद, अडीच फूट उंच असेल तर 30 घनफूट झाले. 6.23 ने गुणले की सुमारे 187 इंपीरियल गॅलन, 28.32 ने गुणले की सुमारे 850 लिटर. टाकी गोल असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, आणि त्याला 0.785 ने गुणावे. 3 फूट व्यास, 4 फूट उंची म्हणजे 28.3 घनफूट, सुमारे 800 लिटर. माप नेहमी आतून घ्यावे. बाहेरून घेतले तर पत्र्याची किंवा भिंतीची जाडीही पाण्यात मोजली जाते.

कापडवाल्यांना याचे महत्त्व अधिक आहे. दहा किलो सुती कापडाला वीसपट पाणी घेतले तर 200 लिटर लागतात, म्हणजे 44 इंपीरियल गॅलन. समजा, अमेरिकन नुसख्यात 44 गॅलन पाणी आणि लिटरला 40 ग्रॅमच्या हिशेबाने 6.66 किलो मीठ लिहिले आहे. तिथले 44 गॅलन म्हणजे फक्त 166.5 लिटर. आपल्या रंगाऱ्याने इंपीरियल समजून 200 लिटर पाणी भरले, तर मीठ लिटरला 33 ग्रॅमवर येते. मीठ कमी पडले की सुताला रंग कमी धरतो आणि शेड फिकी उतरते. मग गिऱ्हाईक ताका परत पाठवतो. पाणी, रंग, मजुरी, सगळे वाया. चूक मात्र एका शब्दाची!

जहाजी कंटेनरबाबतही सावध असावे. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे 1,170 घनफूट, म्हणजे 33 घनमीटर. 200 लिटरच्या ड्रममधला माल 7.06 घनफूट असतो. भागाकार केला तर 165 ड्रम बसावेत असे वाटते. प्रत्यक्षात साधारण 80 बसतात. गोल ड्रमांमध्ये फटी राहतात, वर जागा सुटते आणि वजनाचीही मर्यादा असते. तेव्हा भाडे ठरवताना घनफुटांच्या भागाकारावर भरवसा ठेवू नये, ड्रमची संख्या विचारून घ्यावी.

व्यापारी आणि कारागीर बंधूंना आमची सूचना एवढीच की ऑर्डर घेताना कागदावर गॅलन दिसले की कोणते, हे आधी विचारावे आणि सौद्याच्या चिठ्ठीवर लिटरचा आकडा लिहून घ्यावा. 6.23, 7.48 आणि 28.32 हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तर हिशेबाला दोन मिनिटेही लागणार नाहीत.