काट्याभोवतीचे कुंपण

आमच्या नेवासे तालुक्यात शेताला बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालतात. पण काट्यालाच कुंपण घातलेले कोणी पाहिले आहे काय? मी पाहिले आहे, आणि तेही आमच्या अक्काच्या पायात!

अक्का तेव्हा दहा वर्षांची असेल. अनवाणी हुंदडताना टाचेत काटा मोडला. आजीने सुईने कोरून पाहिले, रुईचा चीक लावला. पण टोक काही निघेना. पुढे काही महिन्यांनी तिथे वाटाण्याएवढी टणक गाठ झाली. शेवटी डॉक्टरांनी ती कापून काढली, तेव्हा आत काट्याचे टोक होते आणि त्याच्याभोवती पांढुरकी, चिवट अशी जणू एक डबीच. आजी म्हणाली, "बघ, देहानं काट्याला कोंडून घातलंय!"

हे सारे आठवले ते गेल्या भाऊबीजेला. अक्का ओवाळायला आली. पण तबक धरलेला हात छातीच्या वर जाईना. "अक्का, जरा वर घे की!" मी थट्टेने म्हणालो. "पुरे रे तेवढं," असे म्हणून तिने मान फिरवली. रात्री आमच्या सौ.ने तिला माजघरात गाठले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर पडली.

दीड वर्षापूर्वी कर्करोगामुळे अक्काचा एक स्तन काढावा लागला होता. त्याच शस्त्रक्रियेत तिथे सिलिकोनची पिशवी बसवली गेली आणि नंतर किरणोपचार झाले. रोग हटला. पण सात-आठ महिन्यांपासून ती जागा घट्ट होत चालली होती, वर ओढली गेली होती, दुखतही होती. ही माउली मात्र कोणाला बोलली नाही. 'जीव वाचला, आता या वयात कुठे तक्रार करायची?' असा तिचा विचार. एका शेजारणीच्या सल्ल्याने ती तेल लावून रगडीत होती, एवढेच.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण अक्काच्या परवानगीनेच लिहितो आहे. न बोलण्याची आपली रीतच तिला नडली.

आम्ही तिला पुण्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून या विकाराचे नाव सांगितले : कॅप्सुलर काँट्रॅक्चर. मी भाषेचा मास्तर. मनात म्हटले, याला 'आवरणाचे आवळणे' म्हणावे. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या शरीराने काही वावगे केलेले नाही. परकी वस्तू आत आली की तिच्याभोवती आवरण विणायचे, हा देहाचा धर्मच आहे. ते प्रत्येकीच्या शरीरात तयार होते. बहुतेकींचे पातळ आणि मऊ राहते. काहींचे जाड होऊन आवळू लागते."

"म्हणजे माझ्या टाचेतल्या काट्यासारखंच की!" अक्का एकदम म्हणाली. डॉक्टर हसले. जखम भरताना तिच्या कडा जवळ ओढणाऱ्या पेशी असतात. त्याच इथे गरजेपेक्षा जास्त जोर करतात.

त्या जास्त जोर का करतात, याचे एकच एक उत्तर नाही. आपल्या कातडीवर नेहमी राहणारे निरुपद्रवी जंतू पिशवीवर चिकट थर करून बसले, तर देह त्यांच्याशी वर्षानुवर्षे धुमसत राहतो. शस्त्रक्रियेनंतर आत रक्त साकळले, तरी आवरण जाड होते. पिशवी फुटून सिलिकोन पाझरले, तरी तेच. आणि किरणोपचार हे तर मोठेच कारण. अक्काचे तेच झाले असावे.

आता हे होते केव्हा? आवरण पहिल्या काही आठवड्यांतच धरू लागते. ते आवळण्याचे प्रकार बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत दिसतात. पण 'दोन वर्षे गेली, सुटलो' असे समजू नये; दहा वर्षांनीही ते उद्भवू शकते. बेकर नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत सारे मऊ आणि स्वाभाविक असते. दुसरीत हाताला थोडे घट्ट लागते. तिसरीत आकार बिघडलेला डोळ्यांना दिसतो. चौथीत तो दगडासारखा होऊन दुखतो. अक्का चौथ्या पायरीवर पोचली होती.

सिलिकोनची अशी पिशवी पहिल्यांदा बसवली गेली ती १९६२ साली, अमेरिकेत ह्यूस्टनला. क्रोनिन आणि जेरो हे ते शल्यविशारद. ती बाई खरे तर छातीवरचे गोंदण काढून घ्यायला आली होती! तेव्हापासून हे आवळणे या शस्त्रक्रियेच्या पाठीस लागले आहे. पूर्वी डॉक्टर बाहेरून हातांनी जोराने दाबून ते आवरण फोडीत. पण त्यात पिशवीच फुटण्याचे भय, म्हणून ती रीत मागे पडली. शेजारणीचे तेल ऐकून आमचे डॉक्टर दचकले ते यासाठीच. पुढे खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्या आल्या. त्यांनी आवळणे कमी होते असे दिसले. पण त्यांतल्या काहींचा एका दुर्मिळ कर्करोगाशी संबंध आढळला आणि २०१९ साली ॲलर्गन कंपनीने तशा पिशव्या जगभरातून परत घेतल्या. म्हणूनच वर्षांनंतरही एकाएकी सूज आली, तर ती दाखवलीच पाहिजे.

उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून आवरण सोडवणे किंवा काढणे, आणि हवी तर नवी पिशवी बसवणे. दुसरा मार्ग स्वतःच्याच पोटाचे किंवा पाठीचे मांस वापरण्याचा. देह आपल्याच मांसाला परके मानीत नाही. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या एका गाडीवानाला पुण्याकडच्या एका वैद्याने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि विलायतेतले डॉक्टर थक्क झाले.

अक्काने हाच मार्ग धरला. पाठीचे मांस पुढे घेतले. शस्त्रक्रिया मोठी, दुखणेही लांबले. पण आता हात वर जातो.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "अरे, काटा मोडला तेव्हा मी गाव गोळा करून रडले होते. मोठेपणी एवढं दुखलं, तर तोंड शिवून बसले. शहाणी कधी होते, सांग बरं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. देह काट्याभोवती कुंपण घालतो, तो त्याचा धर्म. पण दुखण्याभोवती लाजेचे कुंपण घालतो ते आपणच. यंदाच्या भाऊबीजेला मी पाट जरा उंचच मांडणार आहे.